हिरवा थेंब कोणाचा?

माक लोंग कलसोमनं नवं छप्पर घातलं आणि तिच्या घरात पाऊस यायला लागला.

जुन्या छपरात असलं काही नव्हतं. कौलांवर शेवाळ होतं, पन्हळीत झाडं उगवली होती, वर मांजरांची बाळंतपणं व्हायची. पण खाली कधी थेंब पडला नाही. आमची घरं एका रांगेतली, मधली भिंत सामाईक. तिच्याकडे खोबरं किसलेलं मला ऐकू येतं आणि माझं शिवणयंत्र तिला. त्यामुळे ती गळती जितकी तिची, तितकीच माझी.

माक लोंग म्हणजे थोरली मावशी. तशी ती फक्त तिच्या धाकट्या भावाच्या, हमदानच्या मुलांची माक लोंग, तीही खरं तर आत्या, पण मलेशियातल्या या ताइपिंगमधली आमची सगळी गल्ली तिला माक लोंगच म्हणायची. नवरा लॉरी चालवायचा, तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ती रोज सकाळी कोपऱ्यावर टेबल मांडून कुइह विकते. कुइह म्हणजे आमच्याकडची वाफवलेली गोड वडी. नारळ, तांदूळ, गूळ, आणि वर हात सैल सोडून रंग. निळ्या भाताची तिची वडी खायला लोक शेजारच्या गावातून येतात. तो निळा रंग तिच्या कुंपणावरच्या गोकर्णाच्या फुलांचा.

बाई ठेंगणी, गोल, आणि जिभेला लगाम नाही. करंजीसारखी एक तिखट वडीही ती करते. त्या वड्या बोटानं दाबून बघणारी काही गिऱ्हाइकं असतात. त्यांच्यासाठी ती ताटाच्या कडेला एक वडी वेगळी ठेवते. आत नुसत्या मिरच्या. "दाबून बघितलीस ना, मऊ आहे ना? मग घे," असं गोड बोलून तीच वडी त्यांच्या हातात देते.

पावसाच्या बाबतीतही तसंच. ताइपिंगमध्ये पाऊस पडणार की नाही यावर कोणी बोलत नाही, कधी पडणार यावर बोलतात. होकच्या कॉफीच्या दुकानात रोज दुपारी त्यावर पैजा लागतात. हरेल त्यानं सगळ्यांना कॉफी पाजायची. माक लोंग लांबच्या टेबलावर बसून लारुतच्या डोंगराकडे बघत म्हणायची, "पैज आमच्यात हराम. मी काही पैज लावत नाही बाबा. मी फक्त मोठ्यानं विचार करते." आणि मग मोठ्यानं विचार करायची. सगळे कान देऊन ऐकायचे, कारण तिचा अंदाज सहसा चुकत नसे. एकदा तिनं मोठ्यानं विचार केला की आज काही पडत नाही. त्या दिवशी सगळ्या गल्लीनं मिरच्या, गाद्या, शाळेचे बूट उन्हात टाकले. मग आभाळ फाटलं तेव्हा ही बाई खिडकीत खुर्ची घेऊन बसली होती, पाय हलवत, आमची पळापळ बघत.

"माक लोंग, हे मुद्दाम केलंत," मी भिजलेली गादी ओढत ओरडलो.

"वेलू, तू पळतोस फार छान," ती म्हणाली. "लहानपणी कोणी सांगितलं नाही का?"

तर अशा बाईच्या घरी छप्पर गळायला लागलं.

झालं असं की कुइहच्या ऑर्डरी वाढल्या आणि स्वयंपाकघर पुरेना. म्हणून तिनं ते मागच्या बाजूला वाढवलं. काम घेतलं तौके लियावनं. तौके म्हणजे मालक, कंत्राटदार. पण हा तौके स्वतः छपरावर चढायचा, कारण माणसांवर त्याचा विश्वास नव्हता. तो म्हणाला, पुढचं जुनं आणि मागचं नवं असं ठिगळ कशाला, सगळंच नवं घालून टाकू. तिनं होकार दिला. नवी लाल कौलं आली, आढ्यावर नवं सिमेंट आलं, आत पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग आलं.

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ हमदान पुढे सरसावला. हा कामुंतिंगला राहतो. जन्मभर बस चालवली, आणि निवृत्त झाल्यापासून त्याला वाटतं की जगातलं कुठलंही काम आपण करू शकतो. "काक लोंग," तो बहिणीला म्हणाला, म्हणजे थोरली ताई, "छप्पर नवं झालंच आहे, तर मी वर सोलर हीटर बसवून देतो. तू आयुष्यभर थंड पाण्यानं आंघोळ केलीस." आणि लियावचे लोक शिडी काढतात न काढतात तोच हा वर चढला, कौलाला भोक पाडून पाइप आत घातला आणि खाली येऊन हात झटकले.

पहिला डाग जेवणाच्या टेबलावर उमटला. म्हणजे टेबलाच्या बरोबर वर, सीलिंगला. आधी सुपारीएवढा, मग पपईच्या फोडीएवढा. मग एका दुपारी टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर टप्पकन थेंब पडला.

दुसऱ्या कोणी बादली ठेवली असती. माक लोंगनं खुर्ची होती तिथेच राहू दिली. त्यानंतर पावसाच्या वेळेला घरी येणाऱ्या ठरावीक पाहुण्यांना त्या खुर्चीचा मान मिळायला लागला. विमा एजंट आला. "या, या, मोठ्या माणसानं टोकाला बसायचं." इतरांच्या अंगावरचं सोनं मोजणारी एक चुलत बहीण आली. "तू इथे बस गं, इथे वारा येतो." विमा एजंटाला पहिला थेंब टाळूवर पडला तेव्हा त्यानं वर बघितलं, आणि दुसरा कपाळावर पडला. भिंतीपलीकडून मला तिचा आवाज आला. "अरेरे! याचा विमा असतो का हो?"

पण थोड्या दिवसांनी गंमत संपली. एका लग्नाची ऑर्डर होती. वधूकडच्यांसाठी निळ्या भाताच्या वड्या ताटात लावून तिनं टेबलावर ठेवल्या आणि आंघोळीला गेली. डोंगरावरून वारा सुटला, पाऊस आला, आणि ती बाहेर येईपर्यंत अख्ख्या ताटाचा लगदा झाला होता. तिनं ते ताट उचललं, मागच्या दाराशी नेलं आणि कोंबड्यांपुढे ओतलं. बोलली काहीच नाही. हे मी भिंतीवरून बघितलं. माक लोंग गप्प आहे म्हणजे काहीतरी फार बिघडलंय, हे मला तेव्हा कळलं.

लियावला बोलावणं गेलं. तो आला, पण सकाळी. आमच्याकडे पाऊस दुपारचा आणि लियाव सकाळचा, त्यामुळे दोघांची गाठच पडायची नाही. तो कडक उन्हात टेबलाशी उभा राहून वर बघायचा.

"कुठे गळतंय? सगळं कोरडं तर आहे."

"मग दुपारी ये."

"दुपारी पाऊस असतो, माक लोंग. पावसात छपरावर कोण चढतं?"

तरी तो चढला. सीलिंगच्या झाकणातून डोकं घालून बघितलं, तर आतले सगळेच वासे ओले. पाणी एकीकडून शिरतं, लाकडाच्या पोटानं चालत जातं आणि भलतीकडेच पडतं. त्यामुळे डागाच्या वर भोक सापडेल असं काही नव्हतं. मग त्यानं जिथे शंका आली तिथे सिलिकॉन भरलं. मग जिथे शंका आली नाही तिथेही भरलं. छपरावर टूथपेस्टच्या कारखान्यात स्फोट झाल्यासारखं दिसायला लागलं. एक-दोन साध्या पावसात काही झालं नाही. मग वाऱ्याचा पाऊस आला आणि खुर्चीवर पुन्हा टप्प.

"हे तुझ्या भावाचं काम आहे," लियाव म्हणाला. "चांगल्या कौलाला भोक पाडलं. भोकातून पाणी नाही येणार तर काय कॉफी येणार?"

हमदानला हे कळलं तसा तो मोटरसायकलवरून आला, हेल्मेट डोक्यावरच ठेवून भांडला. "माझ्या भोकाला मी रबर लावलंय! दुहेरी! तुझं आढं बघ, तुझ्या आढ्याला काय लावलंय? थुंकी?"

"आढं मी स्वतः भरलंय!"

"तेच तर म्हणतोय मी!"

असं बराच वेळ चाललं. शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. दोघंही वळून माझ्याकडे बघायला लागले.

"वेलूचं छप्पर जुनं आहे," लियाव म्हणाला.

"फार जुनं," हमदान म्हणाला. "आणि मधली भिंत एकच. पाणी वेलूकडून येतंय."

"माझ्याकडे एक थेंब गळत नाही," मी म्हणालो.

"बरोबर," लियाव म्हणाला. "तुझ्याकडे कसं गळेल? सगळं इकडे पाठवतोस ना."

आता तीन संशयित झाले. माक लोंग मधे बसून गोकर्णाच्या फुलांचं पाणी गाळत होती. फडक्यातून निळीशार धार पातेल्यात पडत होती आणि ती आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिचा हात थांबला. तोंडावर ते मिरचीच्या वडीवालं हसू आलं.

"तुम्ही भांडा," ती म्हणाली. "आपण पाण्यालाच विचारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी होकच्या दुकानातली निम्मी मंडळी तिच्या घरात होती. टेबलावर आणि टोकाच्या खुर्चीवर पांढरी चादर अंथरली होती. मागच्या अंगणात तीन बादल्या. एकीत गोकर्णाचं निळं पाणी, ते लियावच्या आढ्यावर ओतायचं. एकीत पांदानच्या पानांचं वाटून गाळलेलं हिरवं पाणी, ते हमदानच्या हीटरच्या पाइपाशी. तिसरीत खायचा लाल रंग, तो माझ्या भिंतीच्या कडेला. मागून नळीनं साधं पाणी सोडत राहायचं. ज्याचा रंग चादरीवर पडेल तो गुन्हेगार.

"आणि स्वतःचा रंग कोणी स्वतः ओतायचा नाही," माक लोंग म्हणाली. "लियाव हमदानचा ओतेल. हमदान लियावचा ओतेल."

"आणि माझा?" मी विचारलं.

"तुझा दोघं मिळून ओततील. तुझ्यावर दोघांचं प्रेम आहे."

होकच्या दुकानातल्यांनी लगेच कॉफीच्या पैजा लावल्या. माझ्यावर म्हणजे लालवर बऱ्याच जणांनी लावली, हे बघून मला वाईट वाटलं. यातल्या कित्येकांच्या मुलांचे शाळेचे गणवेश मी शिवले होते.

छपरावर दोघांनी जीव तोडून काम केलं. लियावनं हमदानच्या पाइपाभोवती हिरवं पाणी असं ओतलं, जणू बाळाला न्हाऊ घालतोय. एक कोपरा सोडला नाही. हमदान आढ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत घोड्यावर बसल्यासारखा सरकत गेला आणि प्रत्येक कौलाच्या सांध्यात निळं पाणी जिरवत गेला. माझ्या कडेला तर दोघांनी मिळून बादली उपडीच केली. मग नळी सुरू झाली.

खाली आम्ही सगळे चादरीकडे डोळे लावून उभे. काहीच होईना. होक जांभई देणार तेवढ्यात सीलिंगचा डाग ओला झाला, फुगला, आणि एक थेंब सुटला. टप्प.

चादरीवर हिरवा ठिपका.

"हिरवा!" सगळे एकदम ओरडले. मी सर्वांत मोठ्यानं.

दुसरा पडला, तोही हिरवा. तिसराही. लियाव शिडीवरून अर्धा घसरत, अर्धा उडी मारत खाली आला. त्यानं चादर बघितली आणि कंबरेवर हात ठेवून अंगणात एक गिरकी घेतली. मागून हमदान उतरला, निळ्या हातांचा.

"हे माझं हिरवं नाही," तो ठिपक्यावर वाकून म्हणाला.

"मग कोणाचं? मांजरीचं?"

"पांदानचं हिरवं असं नसतं. वास घ्या! पांदानला वास असतो! घ्या ना वास!"

लियावनं नाक चादरीला लावलं. "छपरावरची धूळ आणि मांजरांचं मूत. याखालून कसला वास येणार?"

"काक लोंग, तू घे वास. तुला कळतं."

माक लोंगनं वास घेतला असता तर कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं. पण तेवढ्या वेळात तिच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, आणि आलेलं गिळणं तिला कधी जमलं नाही.

"पांदान हमदान," ती म्हणाली.

बस. घर हसून फुटायचं बाकी राहिलं. पांदान हमदान! होक टेबलावर हात आपटून हसला. संध्याकाळपर्यंत बाजारात हे नाव पोचलं, दुसऱ्या दिवशी कामुंतिंगला. बस स्टँडवर त्याचे जुने सोबती त्याला बघून वास घेतल्यासारखं करायला लागले.

हमदान भांडला नाही. तो परत आला, छपरावर चढला, हीटर सोडवला, भोकाच्या जागी नवं कौल बसवलं, सगळं सामान एका ओळखीच्याच्या टेम्पोत टाकलं आणि बहिणीकडे न बघता निघून गेला. दर शुक्रवारी नमाज झाली की तो तिच्याकडे जेवायला यायचा. त्या शुक्रवारी आला नाही. पुढच्याही नाही. तिनं मासळीची आमटी करून ठेवली होती, ती शेवटी मी खाल्ली.

"गरम पाण्याची सवय झाली असेल तुम्हाला," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"कसली सवय? वेडा आहेस का? या उकाड्यात गरम पाण्यानं कोण आंघोळ करतं? एकदासुद्धा केली नाही."

"मग बसवू कशाला दिलात?"

"त्याला बसवायचा होता," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला, मी नको म्हणत असताना.

मग पाऊस आला. डोंगराकडून, वाऱ्याचा, तिरका. मी दुकान बंद करून तिच्याकडे गेलो, कारण मलाही बघायचं होतं. आम्ही दोघं टेबलाशी उभे होतो. हीटर नव्हता. भोक नव्हतं. सीलिंगचा डाग ओला झाला, फुगला, आणि खुर्चीवर टप्प.

माक लोंग खुर्चीकडे बघत राहिली. "वेलू," ती म्हणाली, "हे बाहेर बोलू नकोस."

मी बोललो नाही. तीही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावरच्या वड्यांत मीठ जास्त झालं होतं, आणि दाबून बघणाऱ्या बाईला तिनं चांगली वडी दिली.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरातच. ती गुळाची एक लुसलुशीत वडी करत होती. त्या वडीत चुन्याची निवळी घालावी लागते, नाहीतर ती धरत नाही. वाटीत निवळी तयार होती, शेजारी गोकर्णाचं निळं पाणी होतं, आणि फडकं पिळताना निळ्याची धार निवळीत गेली.

"वेलू!" भिंतीपलीकडून अशी हाक आली की माझ्या हातून सुई तुटली. "इकडे ये! पटकन! तोंड बंद ठेवून ये!"

गेलो. तिनं वाटी माझ्या नाकाखाली धरली. आतलं पाणी हिरवं होतं. चादरीवर पडलं होतं तसलंच, थोडं मोरपंखी, पानांचा वास नसलेलं.

"यात पांदान किती घातलंत?" मी विचारलं.

"एक पान नाही. निळं आणि चुना. बस."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग ती पदर खोचल्यासारखा सारोंग वर घेऊन मागच्या अंगणात धावली. लियावनं आढ्यासाठी आणलेल्या सिमेंटचं उरलेलं पोतं तिथे कोपऱ्यात पडलं होतं, आणि सिमेंटमध्येही चुनाच असतो. तिनं चिमूटभर सिमेंट निळ्या पाण्यात टाकलं आणि ढवळलं. पाणी हिरवं झालं.

म्हणजे थेंब लियावचाच होता. आढ्यावर ओतलेलं निळं पाणी नव्या सिमेंटमधून झिरपलं आणि वाटेत हिरवं होऊन खाली आलं.

ती मटकन पायरीवर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग हळूहळू हसू थांबलं, डोळ्यांतलं पाणी मात्र थांबलं नाही.

"तो म्हणाला होता, वास घे," ती म्हणाली. "आणि मी काय केलं? यमक जुळवलं."

लियावला ती तसा सोडणार नव्हती. दुपारी होकच्या दुकानात तिनं त्याच्यापुढे बर्फ घातलेला निळ्या पाण्याचा ग्लास ठेवला, शेजारी कागदाची पुडी.

"सरबत घे. पुडी घालून ढवळ."

"साखर आहे का?"

"तुझ्याच घरची आहे."

लियावनं पुडी उघडली. राखाडी पूड. त्यानं बोटांत चोळली, माक लोंगकडे बघितलं, पुन्हा पुडीकडे बघितलं. आयुष्यभर ज्याचा व्यापार केला ते सिमेंट त्याला ओळखू येणारच. पण लोक बघत होते. त्यानं पूड ग्लासात टाकली, ढवळलं, आणि ग्लास हिरवा झालेला बघून चमचा खाली ठेवला.



"आढं माझ्या माणसानं भरलं होतं," तो म्हणाला.

"लियाव."

"बरं, मीच भरलं होतं. ऊन फार होतं आणि पाऊस येत होता. घाई केली." मग तो उठला. "शिडी आहे ना घरी?"

एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे. तो तसाच उठून आमच्याबरोबर आला. सकाळचा माणूस पहिल्यांदाच दुपारी छपरावर चढला. आढ्यावरची कौलं उचलली तर खालचं सिमेंट केसासारख्या बारीक भेगांनी भरलेलं. कडक उन्हात ते एकदम वाळलं आणि तडकलं होतं. साध्या पावसात पाणी वरून वाहून जायचं, पण डोंगरावरचा वारा आला की भेगांत घुसायचं आणि आतल्या पट्टीवरून चालत टेबलापर्यंत यायचं. लियावनं सगळं सिमेंट फोडून काढलं, खाली रबरी पट्टी अंथरली, नवं आढं भरलं आणि ते सावकाश वाळावं म्हणून त्यावर ओली गोणपाटं घालून बसला. मधूनमधून स्वतः त्यावर पाणी शिंपडायला यायचा. जाताना सगळं सिलिकॉनही खरवडून गेला, कोणी न सांगता.

राहिला हमदान.

माक लोंगनं माझ्या मोटरसायकलवर मागे बसून कामुंतिंग गाठलं. वाटभर ती माझ्या खांद्याला धरून पुटपुटत होती. बहुधा काय बोलायचं याची तालीम. हमदान ओट्यावर बसून बंद पडलेला पंखा उघडत होता. त्यानं वर बघितलं नाही.

"पंखा बिघडला का?" ती म्हणाली.

"नाही. उगाच उघडलाय."

"तू गेल्यावरही छप्पर गळलं."

"माझा हीटर तर गेला होता."

"तेच तर."

स्क्रू फिरवणारा हात थांबला. तिनं सगळं सांगितलं. चुना, निळं, हिरवं, लियावची पुडी. तो ऐकत होता. मधेच एकदा ओठांचा कोपरा हलला, पण त्यानं तो आवरला.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय? सांगितलं ना."

"मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. ज्यांच्यासमोर मला पांदान केलंस, त्यांच्यासमोर सांग."

माझ्या माहितीत माक लोंगनं कधी कोणाची माफी मागितली नव्हती. लग्नात नवऱ्याच्या पायावर वरणाचं भांडं पडलं तेव्हाही तिनं म्हणे त्यालाच विचारलं होतं, पाय तिथे का ठेवलास. पण दुसऱ्या दिवशी होकच्या दुकानात ती खुर्चीवर चढून उभी राहिली. ठेंगणी असल्यामुळे खुर्चीवर चढूनही ती फार उंच वाटली नाही.

"ऐका सगळ्यांनी. माझा भाऊ हमदान याच्या भोकातून पाणी आलेलं नाही."

होकच्या हातून किटली निसटता निसटता राहिली.

"काक!" हमदान दबक्या आवाजात ओरडला. "हीटरच्या! हीटरच्या म्हण!"

"हीटरच्या भोकातून. त्याचं काम चोख होतं. चूक लियावच्या आढ्याची होती, आणि माझ्या तोंडाची. आढं दुरुस्त झालंय." ती थांबली. एवढी गर्दी, एवढी शांतता; मला वाटलं, आता पुन्हा काहीतरी यमक येणार. पण ती हमदानकडे बघत म्हणाली, "तोंडाचं मी बघते."

आणि खाली उतरली. लियावनं त्या दिवशी सगळ्यांना कॉफी पाजली, कारण निळ्यावर पैज लावून हरलेल्यांनी आता सगळा हिशोब उलटा करा म्हणून आरडाओरडा सुरू केला होता.

त्या शुक्रवारी हमदान जेवायला आला. मीही होतो, आणि लियाव बोलावलं नसताना आला. जेवणाला बसलो तेवढ्यात डोंगरावर काळं झालं आणि वारा सुटला. पाऊस असा आला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. हमदान त्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसला, हट्टानं. आम्ही सगळे घास हातात धरून सीलिंगकडे बघत होतो. लियाव तर श्वासच घेत नव्हता. कौलांवर दणादण आवाज होत होता, पन्हळ तुडुंब वाहत होती, अंगणात बेडकं बोलत होती. हमदानचं डोकं कोरडं राहिलं.

"थेंब नाही," हमदान शेवटी म्हणाला. जरा नाराज झाल्यासारखा.

"पाहिजे का एक?" लियाव म्हणाला. "ठेवतो एक भोक, तुझ्यासाठी."

"तू भोक ठेवशील आणि ते बुजवायला मलाच बोलवशील."

हीटर परत बसवायचा ठरला. हमदान म्हणाला मी एकटा बसवतो, लियाव म्हणाला माझ्या छपराला मी असल्याशिवाय हात लावायचा नाही. पुढच्या आठवड्यात दोघं वर चढले आणि दिवसभर तिथून त्यांचे आवाज येत राहिले. कोणी काय कुठे धरायचं यावर. माक लोंग खाली अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मधूनमधून ती वर न बघताच ओरडायची, "डावीकडे!" दोघंही तिचं ऐकायचे आणि मग कोणाचं डावं यावर भांडायचे. मी विचारलं, तुम्हाला खरंच दिसतंय का तिथून? ती म्हणाली, काही नाही दिसत.

काम संपलं तेव्हा हमदान उतरून थेट आपल्या मोटरसायकलकडे गेला आणि हँडलला लटकवलेली पिशवी घेऊन आला. आत रामबुतान होते, टवटवीत, लालभडक. त्यानं पिशवी बहिणीच्या मांडीवर ठेवली. तिनं एक फोडला, तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"आंबट आहे. कुठून आणलेस? तुला आयुष्यात कधी फळ निवडता आलं नाही, हमदान."

"मग देऊन टाक वेलूला."

"देऊ कशाला?" ती म्हणाली आणि दुसरा फोडायला घेतला.